चर्चमध्ये तबला वाजवू का, म्हणून विचारलंस

भावा, मेसेज काल रात्रीच बघितला पण चष्मा सापडेना, म्हणून आज लिहितोय. भजनी मंडळातला पोरगा नाताळच्या उपासनेला तबला घेऊन गेला तर लोक काय म्हणतील? म्हणू देत की! कोल्हापुरात राहून हा प्रश्न पडला याचंच मला नवल वाटलं.

अरे, अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, आणि त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात देवीपुढं गायचे. त्याच भुर्जी खाँकडं धारवाडकडचे गवई मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, म्हणजे बघ, शिष्य लिंगायत, उस्ताद मुसलमान, आणि मन्सूर पुढं मैफलीत लिंगायत संतांची कन्नड वचनं गायचे. आपल्या कित्येक तालमींत गणपतीपण बसतो आणि मोहरमला पंजापण.

आणि चर्चमधली गाणी तुला परकी वाटायची नाहीत. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, १९१९ साली गेले, तुकोबांचे वेडे माणूस, त्यांची अभंगाच्या वळणाची भजनं मराठी चर्चमध्ये अजून गातात.

आता वाजवायचं. आपण गजराला लग्ग्या, म्हणजे जलद बोल, लावून लय चढवत नेतो ना, ती खोड घरी ठेवून जा. तिथं सगळी सभाच गाते, म्हातारी माणसं, बारकी पोरं, त्यांना श्वास घ्यायला जागा पायजे. केरवा नाहीतर दादरा असला साधा ताल धर, डग्गा घुमवू नको, कडवं संपलं की तिहाई मारून, तोच तुकडा तीनदा वाजवून, टाळ्या मागू नको. पट्टी, म्हणजे कुठल्या सुरात गाणार ते, आधी विचार, कीबोर्डवाला ऐनवेळी पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि तबलेवाला तोंडघशी पडतो, म्हणून दोन पट्ट्यांचे दोन तबले ने आणि सूर लावायची हातोडी पिशवीत वरच ठेव. प्रार्थना चालू असताना बोटं चाळवायची नाहीत. हात जोडायचे का नाही ते तुझं तू बघ.

एकच सांगतो, फेटा, टोपी, क्रॉस एका ओळीत उभं करून फोटो काढायचे आणि वर्षभर एकमेकांच्या दारात जायचं नाही, तसला प्रोग्राम असला तर सरळ नाही म्हण. हे तसलं दिसत नाही. प्रॅक्टिसला चार वेळा तरी जा, त्यांच्यासोबत चहा पी, त्यांच्यातल्या एखाद्याला आपल्या गुरुवारच्या भजनाला घेऊन ये, काय नाही तर टाळ तरी धरेल.

मंडळातल्या अण्णांशी मी बोलतो, दोन दिवस फुगून बसतील आणि मग तेच विचारतील काय वाजवलंस म्हणून. तुझ्या डग्ग्याची शाई उडालीय, ती ह्याच आठवड्यात भरून घे.