नाताळच्या रात्री घरच्या सहा जणांसाठी काय शिजवावे?

तुम्ही विचारले आहे की यंदा नाताळच्या रात्री जेवायला सहाच माणसे आहेत, म्हणजे सासू-सासरे, तुम्ही दोघे आणि दोन लहान मुले. घरात ओव्हन नाही, गावचा बाजार आठवड्यातून एकदा भरतो, सासऱ्यांना तिखट चालत नाही, सासूबाई मांसाहार करत नाहीत आणि बिर्याणी करावी, अख्खी कोंबडी भाजावी की मटण आणावे हे काही केल्या ठरत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते, आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती मंडळीत आहे आणि नाताळचा स्वयंपाक आमच्या घरी माझ्याकडे असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझे उत्तर आधी सांगते. गावरानी कोंबडीचा रस्सा, त्याच वाटणात सासूबाईंसाठी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे घालून वांग्याची कोरडी भाजी, ज्वारीची भाकर, साधा भात आणि आदल्या दिवशी करून ठेवलेला संत्र्याचा केक, एवढेच करावे. करंज्या, शंकरपाळे, चिवडा घरात असतोच, त्यामुळे जेवणात वेगळ्या गोडाची गरज नाही.

हे ठरवताना मी चवीच्याही आधी एक गोष्ट बघते, ती म्हणजे तो पदार्थ किती वेळ थांबू शकतो. नाताळच्या दिवशी आपल्याकडे दार उघडेच असते. सकाळची उपासना आटोपून घरी येईपर्यंत दुपार होते, मग शेजारी, शेतावरची माणसे, मुलांच्या शाळेतले गुरुजी असे कोणी ना कोणी फराळाला येत राहतात, आणि त्यांतले बरेचसे ख्रिस्ती नसूनही दरवर्षी आठवणीने येतात. अशा माणसांना घाईत उठवता येत नाही आणि उठवूही नये. जेवण आठ वाजता ठरले असले तरी पाने मांडायला साडेनऊ होतात. म्हणून जो पदार्थ दोन तास आधी तयार होऊन पुन्हा गरम केल्यावर बिघडत नाही, किंबहुना मुरून अधिक चांगला लागतो, तोच मुख्य पदार्थ असावा.

बिर्याणी या कसोटीला उतरत नाही. दम उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ती वाढली गेली तर तिची खरी चव; नंतर तळचा भात घट्ट बसतो, वरचा कोरडा पडतो आणि पुन्हा गरम करताना शिते मोडतात. शिवाय एका हंडीत सासऱ्यांसाठी फिकी आणि तुमच्यासाठी तिखट असे दोन भाग करता येत नाहीत. अख्ख्या कोंबडीचेही तसेच आहे. ब्रॉयलर कोंबडी जाड कढईत झाकण ठेवून मंद आचेवर भाजता येते, पण गावरानी कोंबडी हिंडती-फिरती असल्यामुळे तिचे स्नायू चिवट असतात आणि त्यांना मऊ व्हायला पाणी आणि वेळ दोन्ही लागतात. कोरड्या आचेवर ती वरून करपते आणि आत दातांना दाद देत नाही. टर्कीचा विचार तर मनातून काढूनच टाका. तो पक्षी मुळात अमेरिकेतला. युरोपातल्या लोकांनी तो तिकडून आणला आणि तिथल्या सणाला तो शोभतो. गोव्याच्या नाताळात सोरपोतेल आणि बेबिंका असते, केरळात अप्पम आणि स्ट्यू असतो. प्रत्येक ठिकाणच्या ख्रिस्ती माणसांनी आपल्या मातीतले उत्तम तेच या दिवशी पानात वाढले आहे, तर वऱ्हाडातल्या माणसाने रस्सा-भाकरीला कमी का समजावे?

मटणाबद्दल माझे मत वाईट नाही, पण 25 तारखेला सकाळी मटणाच्या दुकानापुढे जी गर्दी होते, त्याच वेळी आपण उपासनेत असतो. दुपारी गेल्यावर जे उरलेले मिळते ते सणाला शिजवण्याजोगे असेलच असे नाही. कोंबडीचे मात्र तसे नाही, ती आदल्या दिवशी आणून खुराड्यात ठेवता येते आणि 25 तारखेला दुपारी तीनच्या सुमारास ताजी कापता येते.

कोंबडी घेताना तलंग घ्यावी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली किंवा नुकतीच येऊ लागलेली. तिचे मांस चवदार असते आणि पातेल्यात तासाभरात शिजते. म्हातारा कोंबडा स्वस्त मिळतो, पण त्याला दोन तास लागतात आणि सासऱ्यांच्या दातांना तो झेपणार नाही. दीड-पावणेदोन किलोची जिवंत कोंबडी साफ केल्यावर किलोभर किंवा थोडी जास्त भरते आणि तुमच्याकडे खाणारी पाच माणसे असून त्यांतली दोन लहान आहेत, म्हणजे एक कोंबडी पुरेशी आहे.

आता वाटण. चार मध्यम कांदे चुलीच्या निखाऱ्यात सालासकट भाजावेत; गॅसवर भाजले तरी चालतात, पण निखाऱ्यातल्या कांद्याला जो धुरकट गोडवा येतो तो गॅसवर येत नाही. अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे, दोन मोठे चमचे धने, एक छोटा चमचा जिरे, एक-एक मोठा चमचा खसखस आणि तीळ, पाच-सहा लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन तेजपाने आणि चिमूटभर दगडफूल हे सगळे थोड्या तेलात वेगवेगळे भाजावे. खोबरे शेवटी टाकावे आणि बदामी रंगावर आले की लगेच उतरवावे, कारण ते जळले तर सगळा रस्सा कडू होतो. हे सगळे लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या आणि आल्याच्या तुकड्यासह पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटावे. डिसेंबरच्या थंडीत हे वाटण 24 तारखेला करून ठेवले तरी दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तम राहते. वाटणात पाणी मात्र कमीत कमी घालावे.

कोंबडी आधी हळद, मीठ, आले-लसूण आणि भरपूर पाणी घालून शिजवून घ्यावी. हळद वायगावची मिळाली तर रंग सुरेख येतो. कोंबडी मऊ शिजली की वाटण घालण्याआधीच सासऱ्यांचे आणि मुलांचे तुकडे त्या पिवळ्या पाण्यासह दुसऱ्या भांड्यात काढावेत आणि त्यावर थोडी मिरपूड, तुपात परतलेला कांदा आणि चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालावा. आजारी माणसासाठी केल्यासारखा तो फिका पदार्थ वाटत नाही, उलट आमच्याकडे मोठी माणसेही आधी वाटीभर तेच मागतात. मग दुसऱ्या पातेल्यात तेल तापवून वाटण घालावे आणि कडेने तेल सुटेपर्यंत, म्हणजे सावकाश पंधरा-वीस मिनिटे परतावे. त्यात तिखट घालावे. भिवापुरी मिरचीचे असेल तर रंग आणि झणका दोन्ही मिळतात, म्हणून बेताने घालावे. परतलेल्या वाटणातला तिसरा हिस्सा सासूबाईंच्या रश्शासाठी बाजूला काढावा आणि उरलेल्यात कोंबडी व तिचे पाणी घालून उकळी आणावी. रस्सा पातळ वाटला तर एक चमचा ज्वारीचे पीठ कोरडे भाजून पाण्यात कालवून लावावे. झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास मुरू दिला की लाल तर्री वर येते. पाहुणे उठेपर्यंत हा रस्सा चुलीच्या कडेला निवांत थांबतो.

सासूबाईंच्या बाबतीत माझा आग्रह आहे की त्यांना नुसत्या वरण-भातावर बसवू नका. सणाच्या दिवशी घरातल्या मोठ्या बाईच्या पानात मुख्य पदार्थ नसावा हे मला फार खटकते. पातोडीसाठी एक वाटी बेसनाला दीड ते दोन वाट्या पाणी धरावे. लसूण, जिरे, हळद, तिखट यांच्या फोडणीत पाणी उकळून त्यात बेसन गाठी न होऊ देता घोटावे, दणदणीत वाफ आणावी आणि तेल लावलेल्या ताटात थापून गार झाल्यावर वड्या पाडाव्यात. बाजूला काढलेल्या वाटणात गरम पाणी घालून वेगळा रस्सा उकळावा, आणि त्याची कढई, डाव, पातेले सगळे वेगळे ठेवावे. वड्या रश्शात वाढताना सोडाव्यात, आधी सोडल्या तर त्या विरघळतात.

सोल्यांसाठी बाजाराची वाट बघण्याचे कारण नाही. कपाशीच्या शेतात तुरीच्या ओळी असतातच आणि डिसेंबरच्या अखेरीस शेंगा भरलेल्या असतात. हिरव्यागार, दाणे हाताला टपोरे लागणाऱ्या शेंगा निवडाव्यात; ज्यांच्यावर तपकिरी छटा चढली आहे त्यांचे दाणे चरचरीत लागतात. शेंगांच्या वजनाच्या साधारण निम्मे दाणे निघतात, म्हणून किलोभर शेंगा तोडाव्यात आणि सोलायचे काम मुलांना द्यावे. दाणे तेलात जिरे-लसणावर परतून, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावेत आणि अर्धवट शिजल्यावर लहान वांग्यांच्या फोडी घालाव्यात. तिखट कमी ठेवले तर ही भाजी सहाही जण खातात.

भातासाठी एचएमटी तांदूळ घ्यावा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे, तिथल्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने आपल्या शेतात निवड करून हे वाण तयार केले. दाणा बारीक असतो, भात मऊ होतो आणि रस्सा चांगला शोषतो, त्यामुळे सासऱ्यांसाठी तो भाकरीपेक्षा सोयीचा. भाकरी मात्र पाने मांडल्यावरच थापायला घ्याव्यात, कारण सगळ्या जेवणात थांबू न शकणारी गोष्ट तेवढीच आहे.

केकसाठी ओव्हन नसल्याची खंत करू नका. चांगला कुकर कोरडा तापवून खराब करण्यापेक्षा जाड बुडाची जुनी कढई घ्यावी, तळाशी बोटभर जाड मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी आणि घट्ट झाकण लावून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावी. 200 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम पिठीसाखर, 120 ग्रॅम लोणी, 3 अंडी, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धी वाटी संत्र्याचा रस असे प्रमाण सहा जणांना पुरून उरते. सासूबाई अंडे खात नसतील तर अंड्यांऐवजी वाटीभर घट्ट दही आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घालावा, बेकिंग पावडर एक चमचा करावी आणि रस दोन मोठ्या चमच्यांवर आणावा. मिश्रण तेल लावलेल्या डब्यात घालून मंद आचेवर 45 ते 50 मिनिटे ठेवावे आणि निदान अर्धा तास तरी झाकण उघडू नये.

संत्र्याच्या बाबतीत दोन गोष्टी नीट सांभाळाव्यात. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, म्हणून ती काढल्यावर किसता येत नाही. कडक, ताजे फळ घेऊन सालासकट किसणीवर हलक्या हाताने फिरवावे आणि फक्त नारिंगी भाग घ्यावा. आतली पांढरी अस्तरासारखी साल कडू असते. दुसरे म्हणजे रस काढून ठेवू नये. या संत्र्याचा रस ताजा असताना गोड लागतो, पण तासा-दोन तासांत त्याला कडवटपणा चढू लागतो, म्हणून मैदा, साखर, लोणी सगळे तयार झाल्यावरच फळ पिळावे आणि बी चुकूनही चिरडू नये. याच कारणासाठी मनुका आणि काजूचे तुकडे मी रसात भिजवत नाही. शहरातले लोक ते रममध्ये भिजवतात. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आणि गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे, आणि आमच्या घरीही ती वस्तू येत नाही. बिनदुधाच्या कोमट कोऱ्या चहात ते रात्रभर भिजवले तर मस्त फुगतात आणि केकला रंगही चांगला येतो. 24 तारखेला दुपारी केलेला केक 25 च्या रात्री अधिक मऊ लागतो.

जर कोंबडी मिळालीच नाही, किंवा सासूबाईंसाठी सगळ्यांनीच शाकाहारी जेवायचे ठरवले, तर अंगणात गोवऱ्यांच्या आरावर, म्हणजे निखाऱ्यांवर, रोडगे (कणकेचे भाजलेले जाड गोळे), वांग्याची भाजी आणि वरण करावे. मात्र त्यासाठी दोन तास आराजवळून न हलणारे एक माणूस लागते, ते काम यजमानांनी पत्करले तरच हा बेत घ्यावा.

बाजाराचा दिवस 25 च्या चार-पाच दिवस आधी येत असेल तर खोबरे, खसखस, मैदा, लोणी आणि संत्री त्याच दिवशी आणून ठेवावीत, वांगी व सांबार गावातल्याच वाडीतून 24 ला घ्यावेत, आणि कोंबडीवाल्याला तलंगच हवी असे निदान आठवडाभर आधी सांगून ठेवावे, कारण नाताळ आणि 31 डिसेंबरच्या आसपास चांगल्या तलंगा आधीच बोलून ठेवलेल्या असतात.