विंडोज, मॅक, उबुंटू आणि सगळ्यांचं एकच फोल्डर

प्रश्न: ताई, सांगलीत आमचं डीटीपीचं छोटं ऑफिस आहे, दिवाळी अंकांची कामं सुरू झालीयेत. विंडोज ७ चा एक जुना पीसी (जुन्या फॉन्टमधल्या फाइली त्याच्यावरच नीट उघडतात), एक मॅक, एक विंडोज ११ प्रोचा लॅपटॉप, आणि उबुंटूच्या (लिनक्सच्या) मशीनवर सगळ्यांसाठी एक फोल्डर, त्याला पासवर्ड नाही. लॅपटॉपवर २४एच२ अपडेट आल्यापासून त्यावर ते फोल्डर उघडतच नाही, बाकी दोन्हीकडे उघडतं. दुरुस्तीवाला म्हणतो एसएमबी १ चालू करा. करू का?

उत्तर: नका करू, अगदी कळकळीने सांगतेय. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्या-घेण्याची पद्धत, आणि १ ही तिची जुनी आवृत्ती. मे २०१७ मधे वॉनाक्राय पसरला तो एसएमबी १ मधल्याच भोकातून, ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांचं काम ठप्प झालं होतं त्यात. आणि तुम्हाला त्याची गरजही नाहीये, कारण विंडोज ७ ला एसएमबी २.१ येतं, मॅकला २०१३ पासून एसएमबी २ आहे, उबुंटूवरच्या सांबाला (फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) तर ३ पण येतं. विंडोज एक्सपीचं मशीन असतं तरच हा प्रश्न आला असता.

तुमचं दुखणं वेगळं आहे. २४एच२ पासून विंडोज ११ प्रो प्रत्येक एसएमबी कनेक्शनला सायनिंग मागतं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर सही, आणि ती सही लॉगिनमधून तयार होणाऱ्या किल्लीने होते. बिनपासवर्डच्या गेस्टकडे किल्लीच नाही तर सही कुठून करणार, म्हणून लॅपटॉप दारातूनच परत येतो. नेटवर सायनिंग बंद करायचे उपाय सापडतील, ते करू नका, लोकांच्या अप्रकाशित कथा-कविता तुमच्याकडे विश्वासाने येतात, त्या फोल्डरला पासवर्ड हवाच.

तर उबुंटूवर ऑफिससाठी एक वेगळा युजर काढा आणि टर्मिनलमधे एसएमबीपासडब्ल्यूडी (smbpasswd) कमांडने त्याला सांबाचा पासवर्ड द्या. इथेच बरेच जण अडकतात, सांबा आपले पासवर्ड वेगळे ठेवतं, उबुंटूत लॉगिन होतं म्हणून शेअर उघडेल असं नाही. मग शेअरच्या सेटिंगमधे गेस्ट बंद करा, फोल्डरवर त्या युजरला लिहायची परवानगी द्या (जुन्या फाइली गेस्टच्या नावावर असतील, त्यांचीही मालकी बदला नाहीतर उघडतील पण सेव्ह होणार नाहीत), आणि राउटरमधून त्या मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून घ्या, समजा १९२.१६८.१.५०. विंडोजवर एक्सप्लोररच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि हा आयपी, मॅकवर फाइंडरमधे कमांड-के दाबून एसएमबी, कोलन, दोन स्लॅश आणि तोच आयपी. नेटवर्कमधे मशीन दिसत नाही म्हणून घाबरू नका, दिसणं आणि जोडलं जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही लॅपटॉप अडला तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड जपून ठेवतं ती जागा) त्या मशीनची जुनी नोंद पुसून रीस्टार्ट करा, विंडोज जुनंच नाव पुढे करत बसतं.

मॅकमुळे फोल्डरमधे टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या बारक्या फाइली दिसत असतील, त्या खराब झालेली पानं नाहीत, मॅकने फाइलींबद्दल ठेवलेली जादा माहिती आहे. सांबात फ्रूट नावाचं मॉड्यूल चालू केलं की ती माहिती वेगळी साठवता येते. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, कोलन टाकायचं नाही हे मॅकवाल्याला सांगून ठेवा, विंडोजवर ते नाव भलतंच दिसतं.

आणि विंडोज ७ च्या पीसीचं इंटरनेट राउटरमधून बंदच करा, जानेवारी २०२० मधे त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबलेत. ऑफिसपुरतं नेटवर्क चालू राहू द्या.

प्रश्न: लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ मॅकवरून विंडोजवर न्यायचाय, पेनड्राइव्हवर कॉपीच होत नाही, जागा तर भरपूर आहे.

उत्तर: पेनड्राइव्ह फॅट३२ असणार, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. आतलं सगळं बाजूला काढून तो एक्सफॅटमधे फॉरमॅट करा, मॅक आणि विंडोज दोन्हीकडे लिहिता-वाचता येतं, लिनक्समधे पण कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४ पासून आहे. एनटीएफएस करू नका, मॅक ते नुसतं वाचतो, लिहीत नाही. फक्त काढताना इजेक्ट करूनच काढा, एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) नसतं त्यामुळे मधेच उपसला तर फाइल जाऊ शकते, आणि विंडोजवर व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय मॅकवरचा डिलीट करू नका.