राजकीय नेते ऐकीव गोष्टींवरून नवे कायदे का सुचवतात?

"परवा माझ्याकडे एक आई रडत आली", "आमच्या तालुक्यात असे प्रकार सर्रास चालतात" असं सांगून आमदार-खासदार थेट कायद्याची मागणी करतात आणि त्याला आधार काय हे कुणी विचारत नाही, असं का होतं, हा तुमचा प्रश्न. मी काही वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात पत्रव्यवहार आणि अधिवेशनाचं काम केलं आहे, त्यामुळे आतून काय दिसतं तेही सांगते. पण आधी एक खरं प्रकरण घेऊ. 'नेते म्हणजे असेच' म्हणून प्रश्न मिटवला तर काहीच कळत नाही.

प्रकरण डान्सबारबंदीचं. ३० मार्च २००५ रोजी विधानसभेत पनवेलचे आमदार विवेक पाटील यांची रायगड जिल्ह्यातल्या डान्सबारबद्दलची लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) आली. उत्तर देताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे आबा, यांनी बार बंद करण्याची घोषणा केली. ते दिवस आठवून पाहा. कुणाच्या मुलाने वडिलोपार्जित जमिनीचे पैसे उधळले, कुणाचा संसार मोडला, कुणी पोरगा चोऱ्या करायला लागला. बनावट मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीने एका बारबालेवर एका रात्रीत ९३ लाख उधळले ही गोष्ट तर महाराष्ट्रात प्रत्येकाने ऐकलेली. यातल्या कितीतरी गोष्टी खऱ्या असतील. ज्या घरांवर ते दिवस आले त्यांचं दुःख खरंच होतं आणि आबांची तळमळही खरी होती. ग्रामस्वच्छता अभियान ज्यांनी गावोगावी नेलं त्या माणसाच्या हेतूबद्दल मला शंका नाही.

पण कायदा करायचा तर काही साधे प्रश्न आधी सुटायला हवे होते. या बारमध्ये काम करणाऱ्या बायका किती? त्या कुठून आल्या? त्यांना कुणी फसवून आणलं, की त्या स्वतः आल्या? त्यांच्या कमाईवर किती माणसं जगतात? बार बंद झाले की त्या दुसऱ्या दिवशी काय करणार? आणि अश्लील कृत्यांविरुद्ध तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम २९४ होतं, परवान्याच्या अटी होत्या, वेळेचे नियम होते, ते का लागू होत नव्हते?

घोषणेच्या दिवशी यातल्या एकाही प्रश्नाचं भक्कम उत्तर सभागृहापुढे नव्हतं. पाहणी झाली ती नंतर, आणि तीही सरकारने केली नाही. एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र आणि स्त्री अत्याचार विरोधी मंच यांच्या कार्यकर्त्या ५० बारमध्ये गेल्या आणि ५०० नर्तिकांशी बोलल्या. या बायकांच्या कमाईवर आख्खी घरं चालत होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणी पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतल्या होत्या. म्हणजे फसवून आणलेल्या कोवळ्या मुलींची जी सरसकट गोष्ट सांगितली जात होती, त्यापेक्षा हे चित्र पुष्कळ गुंतागुंतीचं होतं. एवढी माहिती मिळवायला काही फार मोठा खर्च किंवा वर्षानुवर्षं लागली नाहीत. हे आधीही करता आलं असतं.

पुढचं सगळ्यांना ढोबळमानाने ठाऊक आहे. राज्यपाल एस. एम. कृष्णा यांनी अध्यादेश सही न करता परत पाठवला, मग २१ जुलै २००५ रोजी विधेयक एकमताने मंजूर झालं. मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमं आली. ३३-अ ने बारमधला नाच बंद केला. ३३-ब ने तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना सूट दिली. या एका सवलतीत सगळं उघडं पडलं. नाच तोच, पण बारमध्ये अनैतिक आणि मोठ्या हॉटेलात चालेल, असं का? मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम केला. प्रेक्षक कोणत्या वर्गातला आहे यावरून त्याची नीतिमत्ता ठरते असं आम्ही गृहीत धरू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. काम गेल्यामुळे अनेकींवर पोटासाठी देहविक्रय करायची वेळ आली, हेही निकालपत्रात नोंदवलं आहे. ज्यांच्या प्रतिष्ठेसाठी कायदा केला, त्यांचीच ही गत झाली, याचा मला आजही त्रास होतो.

आणि तरीही जून २०१४ मध्ये सभागृहाने काय केलं? सूट काढून टाकली, बंदी सगळ्यांना लागू केली, आणि तेही चर्चेशिवाय. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०१६ मध्ये नवा कायदा आला. त्यातल्या धार्मिक स्थळं आणि शाळांपासून एक किलोमीटर अंतर, सीसीटीव्ही वगैरे अटी सर्वोच्च न्यायालयाच्या १७ जानेवारी २०१९ च्या निकालात रद्द झाल्या. चौदा वर्षं हा खेळ चालला, आणि माझ्या माहितीत तरी त्या काळात कुठल्याही सरकारने त्या बायकांची स्वतःहून मोजणी करून ती सभागृहापुढे ठेवली नाही.

आता आतली गोष्ट. आमदाराचा दिवस कसा जातो ते जवळून पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. सकाळी सातपासून दारात माणसं. बदलीचं पत्र हवं, दवाखान्यात खाट हवी, रोहित्र जळालंय, पोराला दाखला मिळत नाही. मग दोन मयती, तीन लग्नं, एक भूमिपूजन. आमदाराला जग कळतं ते या माणसांच्या तोंडून. अभ्यास करणारा माणूस त्यांच्याकडे नसतो. असतो तो स्वीय सहायक, आणि त्याचा वेळ पत्रं करण्यात आणि फोन घेण्यात जातो. अधिवेशन जवळ आलं की आम्ही वर्तमानपत्रांची कात्रणं काढून बसायचो आणि त्यांवरून तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि लक्षवेधी तयार करायचो.

लक्षवेधीचा एक ठरलेला साचा असतो. "अमुक तालुक्यात तमुक प्रकार घडल्याचे निदर्शनास येणे, त्यामुळे जनतेत निर्माण झालेले तीव्र असंतोषाचे वातावरण, याबाबत शासनाने करावयाची कार्यवाही व शासनाची प्रतिक्रिया." एकदा गावाकडचे एक काका आले. त्यांच्या पुतण्याला मोबाइलवरच्या कर्ज देणाऱ्या अॅपवाल्यांनी धमक्या दिल्या होत्या. पोरगा घाबरून दोन दिवस घरीच आला नव्हता. काका सांगताना थरथरत होते. आमच्याकडच्या जुन्या सहायकांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला, मी लिहून घेतला, आणि त्यात "जिल्ह्यात शेकडो तरुणांची फसवणूक" असं आलं. मी विचारलं, शेकडो कुठून आले? ते म्हणाले, एक लिहिलं तर सूचना स्वीकारली जात नाही; विषय सार्वजनिक महत्त्वाचा दिसायला हवा. ते खोटं बोलत नव्हते. पद्धतच तशी आहे. एका माणसाच्या त्रासाला सभागृहात जागा मिळवायची तर तो शेकडोंचा करावा लागतो.

पुढे ते वाक्य वर्तमानपत्रात छापून येतं: "शेकडो तरुणांची फसवणूक, विधानसभेत पडसाद." पुढच्या अधिवेशनात दुसरा आमदार तेच कात्रण हातात धरून उभा राहतो. म्हणजे सभागृह वर्तमानपत्राचा दाखला देतं आणि वर्तमानपत्र सभागृहाचा. मूळ काका केव्हाच बाजूला पडलेले असतात, आणि त्यांच्या पुतण्याचं पुढे काय झालं हे कुणालाच माहीत नसतं. सभागृहात केलेल्या विधानाबद्दल आमदाराला न्यायालयात खेचता येत नाही. घटनेच्या १९४ व्या अनुच्छेदाने दिलेलं हे संरक्षण आवश्यकच आहे, नाहीतर बलदंडांविरुद्ध कुणी तोंडच उघडणार नाही. पण त्यामुळे "हे कशावरून?" असं विचारायची जबाबदारी बाकीच्या सभासदांवर येते. समोर रडणाऱ्या आईची गोष्ट सांगितली जात असताना उठून आकडा मागणारा आमदार दगडाच्या काळजाचा दिसतो. २००५ मध्ये २८८ जणांच्या सभागृहात एकही विरोधी मत पडलं नाही, ते मला वाटतं याच भीतीने.

म्हणून गोष्टी सांगूच नयेत असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. सरकारी आकड्यांत गरिबाचं दुखणं बहुतेक वेळा नसतंच. ते आधी कुणाच्या तरी तोंडूनच कळतं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला आणि सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. तिथेही सुरुवात एकाच घटनेपासून झाली. पण पुढे विधी आयोगाने १९८० मध्ये ८४ वा अहवाल दिला, विधेयक संसदेच्या संयुक्त समितीपुढे गेलं, साक्षी झाल्या, आणि १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्काराबद्दलचा कायदा बदलला. तो बदल टिकला.

आणि खुद्द आबांच्या तासगाव तालुक्यातलंच दुसरं उदाहरण आहे, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. वि. स. पागे विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. हाताला काम मागणारी माणसं त्यांना रोज भेटत असणार. मागेल त्याला काम द्यावं ही कल्पना त्यांनी लगेच कायद्यात घातली नाही. १९६५ च्या सुमारास आपल्याच भागात ती करून पाहिली. किती माणसं कामावर येतात, कसली कामं निघतात, पैसा किती लागतो, हे हिशेबाने तपासलं. मग योजना थोडी पसरली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणायचा याचंही उत्तर शोधलं होतं, व्यवसाय कराच्या रूपाने. पुढे २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमी कायदा केला तो याच वाटेने. ज्या वर्षी दिल्लीत एका तासगावकराचं काम देशाचा कायदा झालं, त्याच वर्षी मुंबईत दुसऱ्या तासगावकराने घाईने केलेला कायदा न्यायालयाच्या वाटेला लागला.

मोजणी म्हणजे दहा वर्षंच लागतात असंही नाही. गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यातले ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजल चाचणी करत होते. "हे तुरळक प्रकार आहेत" असं मग कुणाला म्हणता येईना. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला.

आज काळजी वाटते ती गोष्ट आणि कायदा यांच्या मधल्या या तपासणीच्या पायरीची. पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयकं संसदीय समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) जेमतेम १६ टक्के. विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा असं केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं, पण ते कायद्याने बंधनकारक नाही. समितीत साक्षीदार बोलावता येतात, आकडे मागता येतात, आणि कॅमेरा नसल्यामुळे सत्ताधारी आमदारही मोकळेपणाने शंका काढतो. सभागृहात तेच करणं त्याला परवडत नाही.

तुम्हाला स्वतः काही करायचं असेल तर पुढचं विधेयक आलं की ते विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि शेवटून वाचा. मागे 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं आणि खर्च येणार असेल तर 'वित्तीय ज्ञापन'. "तक्रारी प्राप्त झाल्या आहेत", "निदर्शनास आले आहे" असं लिहिलं असेल तर किती तक्रारी, कोणत्या काळात, त्यांचं पुढे काय झालं, आणि सध्याच्या कायद्याखाली किती गुन्हे नोंदले, एवढं आपल्या आमदाराला लेखी विचारा. संबंधित विभागाकडे माहितीच्या अधिकारातही मागा. रागाची पत्रं आमच्या कार्यालयात रोज यायची आणि फाइलला लागायची. असं तपशील विचारणारं पत्र मात्र साहेबांच्या टेबलावर जायचं, कारण उत्तर देण्याआधी आम्हाला खरोखर माहिती शोधावी लागायची.