नळीचा निर्णय वडिलांची वाचा शाबूत असतानाच घ्या

ताई, वडिलांना मोटर न्यूरॉन आजाराचे (यात स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होतात) निदान झाले आहे, डॉक्टर अन्न देण्यासाठी पोटात नळी बसवा म्हणतात आणि भावकीतील मंडळी ‘उगाच हाल करू नका’ म्हणतात, असे आपण परभणीहून लिहिले आहे. माझे थोरले बंधू याच आजाराने गेले; लातूरजवळच्या आमच्या गावी त्यांची शुश्रूषा मीच केली.

नळी म्हणजे शेवटची पायरी, या समजात आम्हीही वेळ दवडला. फुप्फुसांची क्षमता अपेक्षित प्रमाणाच्या निम्म्याखाली गेली की ही लहानशी प्रक्रियाही जोखमीची होते, म्हणून गिळणे पूर्ण थांबण्याची वाट पाहू नये. आम्ही कोरडी भाकरी बंद केली, तरी ठसका पाण्याचाच अधिक लागे. पातळ पदार्थ घट्टसर करून, हनुवटी छातीकडे झुकवून दिल्यावर तो कमी झाला.

सकाळी डोके दुखणे, उताणे झोपता न येणे, दिवसा गुंगी राहणे ही श्वसनाचे स्नायू थकल्याची खूण असते. तेव्हा मुखवट्यातून दाबाने हवा देणाऱ्या बायपॅप यंत्राने रात्र सुसह्य होते. नुसता ऑक्सिजन मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये, कारण त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. (आपल्याकडची वीज पाहता यंत्राआधी इन्व्हर्टर घ्यावा.)

‘गुदमरून जातील का’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की बहुतेकांच्या बाबतीत तसे होत नाही. कार्बन डायऑक्साइड साचून झोप गाढ होत जाते आणि श्वास मंदावत थांबतो. धाप लागल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिनच्या अल्प मात्रेने आराम पडतो. ते गावच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणून कॅन्सरवर उपचार होतात अशा रुग्णालयात आधीच चौकशी करून ठेवावी. उपशामक उपचार (आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणारे उपचार) म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असे पाहुण्यारावळ्यांनी म्हटले तरी मनावर घेऊ नये. ते निदानापासूनच सुरू करता येतात.

घशाला छिद्र पाडून व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे मात्र वडिलांनाच विचारा. बंधूंना आम्ही विचारले ते वाचा गेल्यावर. या आजारात डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत टिकते, म्हणून बाराखडीचा तक्ता धरला. ‘यंत्र नको, घरी ठेवा’ एवढे सांगायला त्यांना अर्धा तास लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारे वैद्यकीय इच्छापत्र करण्याची मुभा दिली असून, 2023 मधील बदलानंतर दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. वडिलांचा हात चालतो आहे तोवर हे उरकून घ्यावे.