गवतात अडकणारी बॅटरीची होडी

प्रश्न: आमच्या होडीला ४८ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर आहे. मोकळ्या पाण्यात ती २० अँपिअर घेते. पाणगवत दाटलेल्या कालव्यात आकडा ४० वर जातो, वेग निम्मा होतो आणि थोड्या वेळाने मोटर आपोआप बंद पडते. मोटर लहान पडते का?

उत्तर: नाही. मोठी मोटर तेच गवत आणखी घट्ट आवळेल. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या मुळाशी गवताचा पीळ बसला की पंखा फिरवायला जोर जास्त लागतो आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज मोजून देणारा भाग, फेरे टिकवण्यासाठी करंट वाढवत नेतो. ४८ व्होल्टला ४० अँपिअर म्हणजे सुमारे १.९ किलोवॉट. मोकळ्या पाण्यातल्या दुप्पट वीज गेली, पण वेग निम्माच राहिला. उरले ते मोटरचे तापणे. बंद पडणे हा बिघाड नव्हे, संरक्षण आहे. निवू द्या.

अँपिअरच्या आकड्यावर डोळा ठेवा. थ्रॉटल (वेग कमी-जास्त करण्याची मूठ) तेवढाच असताना तो चौथाईने चढला, की लगेच थ्रॉटल शून्यावर आणा. पंखा पूर्ण थांबू द्या, मग निम्म्या जोराने दोन-तीन सेकंद उलटा फिरवा. असे दोन-तीनदा केले की ताजा पीळ बहुधा सुटतो. पुढच्या गतीतून थेट उलट गतीत मात्र जाऊ नका.

तरीही सुटले नाही तर हातानेच काढावे लागेल. त्याआधी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा आणि किल्ली खिशात ठेवा. थांबलेल्या मोटरला वीज जोडलेली आहे की नाही, हे आवाजावरून कळत नाही. बोटे जातात ती इथेच. गवत विळ्याने कापा, पण दांड्याच्या सीलपाशी पाते नेऊ नका. तिथे मासेमारीची तार गुंडाळलेली असेल तर ती उलगडूनच काढा, नाहीतर सीलमधून पाणी शिरते.

पंखा बदलायचाच असेल तर मागे झुकलेल्या पात्यांचा घ्या. त्यावरून गवत घसरते. ढकल थोडी कमी मिळते, तेवढे चालवून घ्यावे. आणि दाट पट्टा दिसला की मोटर बंद करून बांबूने रेटत पार व्हा.

प्रश्न: मोटर पाण्याने थंड होणारी असेल तर?

उत्तर: मग पाणी घेणारे तोंडही तुंबते. गाळणी रोज उघडून धुवा. होडीच्या तळाला बसवलेल्या बंद नळीत शीतक (थंड करणारा द्रव) फिरवणारी रचना असली तर बाहेरचे पाणी आत घ्यावेच लागत नाही. अशा पाण्यात तीच बरी.

काढलेले गवत परत पाण्यात टाकू नका. हायड्रिलासारखी जात तुकड्यापासून पुन्हा रुजते. दुसऱ्या जलाशयात होडी नेण्याआधी पंखा, सुकाणू आणि ट्रेलर तपासून तुकडे काठावर लांब टाका.