‘कट्यार’ची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना

‘कट्यार काळजात घुसली’ या संगीत नाटकाची मूळ संचातली, म्हणजे पहिल्या नटमंडळींनी गायलेली गाणी ऐकावीत की नंतरची, स्वच्छ मुद्रणाची, असं तुम्ही विचारलंय. जुनी तुम्हाला फार आटोपती घेतल्यासारखी वाटतात. माझं उत्तर सरळ आहे: आधी जुनीच ऐका.

नाट्यपदाला मी मैफलीतल्या गाण्याचं माप लावत नाही. डोळे मिटल्यावर नाटकातला माणूस दिसतो की नुसता गवई, एवढंच बघतो. १९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक जितेंद्र अभिषेकीबुवांच्या संगीतात रंगभूमीवर आलं, तेव्हा त्यातल्या खाँसाहेब या गवयाच्या भूमिकेत होते वसंतराव देशपांडे. त्यांचं ‘या भवनातील गीत पुराणे’ लावा. प्रतिस्पर्धी गवई पंडितजींना हरवून त्यांच्या हवेलीत शिरलेला माणूस तिथलं जुनं गाणं हाकलून लावतोय. वसंतरावांच्या आवाजाला धार आहे, आणि ती ते कुठेही बोथट करत नाहीत. नंतर कित्येकांनी हे पद याहून गोड म्हटलंय. पण समोरच्या श्रोत्यांना ते आधीच पाठ आहे हे त्यांच्या गाण्यात जाणवतं, आणि पद लाडकं होऊन बसतं. वसंतरावांचं ऐकताना अंगावर कोणीतरी चालून येतंय असं वाटतं.

‘घेई छंद मकरंद’ मात्र एकटं ऐकू नका. अभिषेकीबुवांनी त्याच शब्दांना दोन चाली दिल्या: पंडितजींच्या घराण्याची संथ चाल सालगवराळी रागात, खाँसाहेबांची द्रुत चाल धानी रागात. नाटकातलं सगळं भांडण त्या दोन चालींत आहे. आधी संथ लावा आणि लगेच वसंतरावांची. दुसरी ऐकताना तुम्ही भारावून जाल, आणि त्याच वेळी पहिलीतलं काहीतरी निसटलं म्हणून चुटपुटही लागेल. दोन्ही एकदम वाटलं पाहिजे. बहुतेक संकलनांत फक्त धानीतलं असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता तुमची आटोपशीरपणाची तक्रार. ती रास्त आहे, आणि जुनीही. ‘स्वयंवर’ हे नाटक घ्या, १९१६चं. बालगंधर्व रंगमंचावर एकेक पद वन्स मोअर घेत कितीतरी वेळ फुलवायचे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला मिळायची तीन-साडेतीन मिनिटं. म्हणून त्यातल्या ‘नाथ हा माझा’च्या तबकडीत विस्तार शोधू नका. शब्द कसा टाकलाय, लयीशी किती लाडीगोडी चाललीय, ते बघा. वसंतराव तर दर प्रयोगाला वेगळे गायचे, ते तबकडीत कसं मावणार? प्रयोगातलं एखादं मुद्रण हाती लागलं तर खरखरीसकट ऐका.

‘मूळ संच’ या शब्दांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दीनानाथ मंगेशकरांचं ‘रवि मी’ हे पद ऐकून लोकांना वाटतं, ‘मानापमान’चा पहिला नायक, धैर्यधर, हाच. ते नाटक १९११चं. दीनानाथ तेव्हा दहा वर्षांचे होते. ‘ययाति आणि देवयानी’ नाटकातलं ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’ घराघरांत पोचलं ते संगीतकार अभिषेकींच्याच आवाजात, आणि ते काही त्या नाटकातले नट नव्हते. दोन्ही मुद्रणं थोरच आहेत, पण संच कोणाचा ते लेबलवर वाचून घ्यावं.

नव्या सीडी घेताना ‘स’ आणि ‘श’ नीट ऐका. खरखर काढायच्या नादात हे वर्ण पुसट केलेले असतात, आणि नाट्यपदातून शब्द गेला की फार गेलं. मला थोडी खरखर चालते.

शेवटी एक आग्रह. ‘मत्स्यगंधा’तलं आशालता वाबगावकरांचं ‘अर्थशून्य भासे मज हा’ ऐका. १९६४चं नाटक, सत्यवतीच्या भूमिकेत त्याच. रामदास कामतांचा पल्लेदार आवाज त्याच संचात होता, त्यापुढे हा आवाज लहान आहे. तानबाजीचा सोस नाही. पण सगळं हातचं गेलेली बाई कशी बोलेल, तसा एकेक शब्द येतो. माझ्याकडे या पदाची इतर गायिकांची मुद्रणंही आहेत, सुरेल आहेत. ती ऐकली की चाल लक्षात राहते. हे ऐकलं की सत्यवती.