क्लाउडसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला हवी का? लिनक्स पुरत नाही का?

पुरतं की! मी रोज तेच सांभाळतो. फक्त भाडेकरू बदललेत. पूर्वी सर्व्हरवर सगळे एकाच ऑफिसातले असायचे. आता शेजारी कोण, कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे खरं काम दोनच गोष्टींचं: मशीनच्या ताकदीची वाटणी आणि भाडेकरूंमधली भिंत.

वाटणीसाठी सीग्रुप्स आहेत, म्हणजे कुठल्या प्रोग्रामला किती सीपीयू, किती मेमरी हे ठरवणारी लिनक्सची सोय. गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये काम सुरू केलं, २००८ मध्ये ते लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात आलं. ते कसं दगा देतं तेही सांगतो. आमच्या एका सर्व्हिसला अर्ध्या सीपीयू कोअरची मर्यादा होती. सीपीयूचा आलेख निम्म्याच्याही खाली, तरी लोकांची बोंब की मध्येच अडकतं. दोन रात्री आम्ही बिचाऱ्या डेटाबेसला झोडपलं. शेवटी सीग्रुपची सीपीयू.स्टॅट फाइल उघडली, तर थ्रॉटलिंगचा, म्हणजे वाटा संपला म्हणून रोखून धरल्याचा, आकडा भराभर चढतोय! कर्नल हिशेब ठेवतो दर १०० मिलिसेकंदांचा. अर्धा कोअर म्हणजे त्यातले ५०. आमचे चार थ्रेड, म्हणजे प्रोग्रामची समांतर चालणारी कामं, चार कोअरवर एकदम सुटले की साडेबारा मिलिसेकंदांत ते ५० फस्त, मग उरलेले साडेसत्याऐंशी हाताची घडी घालून बसायचं. सरासरी मात्र अगदी सोज्वळ. थ्रेड कमी केले, मर्यादा थोडी वाढवली, बोंब थांबली.

भिंतीचं दुखणं वेगळं. कंटेनर, म्हणजे ॲपचे वेगवेगळे डबे, सगळे एकाच कर्नलवर, म्हणजे कर्नलला भोक पडलं की सगळी चाळ उघडी. पूर्ण व्हर्च्युअल मशीन, म्हणजे स्वतःचा कर्नल असलेलं सॉफ्टवेअरमधलं आख्खं मशीन, जास्त सुरक्षित, पण जड. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुलं केलेलं फायरक्रॅकर मला म्हणून आवडतं: हलकी व्हर्च्युअल मशीन चालवणारं, रस्ट भाषेत लिहिलेलं, नको ती उपकरणं काढून टाकलेली. कीबोर्ड आहे, पण तो फक्त मशीन बंद करण्यापुरता! सुमारे १२५ मिलिसेकंदांत मशीन उभं राहतं, प्रत्येकामागे वरखर्च ५ एमबीहून कमी. आणि खाली कोण? लिनक्सच, व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या त्याच्या केव्हीएम या भागासह.

मिराजओएससारखे युनिकर्नल, म्हणजे ॲप आणि सिस्टीम एकाच गोळ्यात, कागदावर फार देखणे. पण रात्री दोन वाजता बिघडलं तर आत डोकवायला नेहमीची हत्यारं नसतात. मी अजून धजावलो नाही.

विश्वासार्हतेचं म्हणाल, तर बॉटलरॉकेटसारख्या, कंटेनर चालवायलाच बनवलेल्या लिनक्स सिस्टीम बघा. मूळ फाइलसिस्टीमवर लिहिताच येत नाही, सॉफ्टवेअर बसवणारा पॅकेज मॅनेजर नाही. अपडेट डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर उतरतं. त्यावरून बूट झालं नाही तर जुन्यावर परत. सर्व्हरवर लॉगिन करून 'जरासं' काहीतरी बदलणारे आमच्यासारखे लोकच त्यांनी बाहेर ठेवलेत.